पोटभाडेकरूचे दात

परवा नातीने तिच्या पिल्लासाठी मागवलेला खाऊ घरी आला. कुठल्याशा डोंगरातल्या याकच्या दुधाची म्हणे वाळवलेली कांडी. पाकिटावर हसरा कुत्रा. मी पाकीट फोडलं, कांडी बाहेर काढली आणि आपल्याच गुडघ्यावर हाणली. कळ थेट मस्तकात गेली. "नापास," मी म्हटलं आणि कांडी बाजूला ठेवली. नातीने तिच्या आईकडे असं काही पाहिलं की मला कळलं, आता या दोघी आत जाऊन माझ्याबद्दल बोलणार. आजीला काहीतरी झालंय. आजीला काही झालेलं नव्हतं, गुडघा सोडून. पण गुडघ्यावर मारून खाऊ तपासायची विद्या कुणाकडून आली हे सांगायचं तर आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरमालकीणबाईंपासून सुरुवात करायला हवी.

त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटकुळ्या, आणि गळ्यात कायम मोजपट्टीची टेप. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी. बाजारात जाताना टेप, देवळात टेप, एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत टेप गळ्यात घालून जेवत होत्या आणि वरमाईच्या ब्लाऊजची बाही अर्धा इंच चुकलीय हे त्यांनी आमटी वाढणाऱ्याला सांगितलं. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं, चमच्यासारखं. कापडाची घडी नखाने दाबून दाबून तसं झालेलं. आमच्या घराचा जिना त्यांच्या पुढच्या खोलीतून वर जायचा, आणि त्या खोलीत मधोमध त्यांचं बेतायचं सागवानी टेबल होतं. चार कातीव पाय, वर खडूच्या रेघा. ते टेबल त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी करून घेतलेलं. नवऱ्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. टेबलाबद्दल रोज बोलायच्या.

मी त्यांना 'बाई' म्हणायचे. त्या मला 'वरच्या' म्हणायच्या. "अहो वरच्या, नळ आलाय." आमच्या ह्यांना 'वरचे'. एवढं सोपं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट, हे रोज पहाटे सिन्नरच्या कारखान्यावर, मुलगी शिकायला पुण्याला. घर रिकामं वाटतं म्हणून मी एक पामेरियन आणला. खरं कारण वेगळं होतं. कॉलेज रोडवर संध्याकाळी एक बाई पांढरं शुभ्र पामेरियन घेऊन फिरायची, आणि मला ती फार मॉडर्न वाटायची. मीही त्या वर्षी केस कापून घेतले होते. मान उघडी, हातात साखळी, साखळीच्या टोकाला मूठभर कुत्रा. आणि त्या मूठभराचं नाव मी ठेवलं टायगर. आज त्या वेळचा आमचा फोटो पाहिला की वाटतं, दोघांपैकी कुणाला साखळी घालायला हवी होती ते स्पष्ट दिसतंय.

टायगरला घेऊन मी पहिल्यांदा जिन्याशी आले तेव्हा बाई टेबलावर कापड बेतत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली, गुडघ्यावर बसल्या, त्याच्या तोंडाभोवती टेप लावली, मग नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत मोजलं. मग उठून म्हणाल्या, "पोटभाडेकरू आणलात. राहू दे. पण या टेबलाला दात लागलेला दिसला, की त्याच दिवशी तुमचं बिऱ्हाड बाहेर. तिघांचंही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्या वेळी इंदिरानगरात बिऱ्हाड बदलणं सोपं नव्हतं, आणि कुत्रा म्हटल्यावर तर घरमालक फाटकातूनच हात हलवायचे. त्यामुळे टायगरचे दात हा आमच्या घराचा प्रश्न झाला. दात त्याचे नवे, शिवशिवणारे. ह्यांची चप्पल गेली, माझी उंच टाचांची सँडल गेली (ती गेली ते बरं झालं, मी त्यात बदकासारखी चालायचे), सोफ्याचा कोपरा गेला. त्याला चावायला काहीतरी हवंच होतं. आणि इथेच पेच होता. कारण मी जे जे आणेन ते बाई आधी तपासायच्या, आणि नापास करायच्या. टेबल चावायचं नाही आणि दुसरंही काही चावायचं नाही.

सुरुवात हाडापासून झाली. रविवारी आमच्याकडे मटण असायचं. मी नळीचं एक हाड टायगरपुढे टाकलं, सगळं जग टाकतं तसं. बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर आलेल्या. त्यांनी हाड त्याच्या तोंडातून काढून घेतलं, माझा हात धरला आणि मला खाली घेऊन गेल्या. टेबलावर फडकं अंथरलं, त्यावर हाड ठेवलं आणि मोठ्या कात्रीच्या मुठीने ठोकलं. ते उभं चिरफळलं. त्यातली एक कपची त्यांनी माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली आणि वरून दाबली.

"टोचतंय ना? शिजलेलं हाड असं फुटतं. तुमचा तळहात आहे. त्याचा घसा आहे."

मी म्हटलं, अहो गावाकडची कुत्री पिढ्यान् पिढ्या हाडं खाताहेत. त्यावर त्या म्हणाल्या की मेली ती कुत्री सांगायला आली नाहीत.

मांसाहार त्या स्वतः करायच्या नाहीत, पण त्यांचा आक्षेप मटणाला नव्हता, हाडाच्या फुटण्याला होता. गल्लीत लोक म्हणायचे, बाईंचा एखादा कुत्रा लहानपणी घशात हाड अडकून गेला असेल. मी एकदा विचारलंही. तसं काही नव्हतं. त्यांनी आयुष्यात कुत्रा पाळला नव्हता, आवडतही नव्हता. केस पडतात म्हणायच्या. फक्त त्यांच्या घरात कुणी चावून मरणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. काही माणसं काळजी करायचीच म्हणून जन्माला येतात, त्यांना कारण लागत नाही.

मग मी मॉडर्न उपाय शोधला. कॉलेज रोडला नवीन दुकान उघडलं होतं, फक्त कुत्र्यामांजरांच्या वस्तूंचं. त्यात टाय लावलेला तरुण मालक. मी तिथून गाठ मारलेलं कातड्याचं पांढरं हाडूक आणलं. पाकिटावर इंग्रजी होतं, म्हणजे चांगलंच असणार. तेव्हा माझा असा ठाम समज होता. बाईंनी ते नखाने दाबलं. नख उमटलं नाही. गुडघ्यावर मारलं. "आई गं," असं अगदी शांतपणे म्हणाल्या. मग पाण्याने भरलेल्या पातेल्यात टाकून झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आले तर पातेलं जिन्याच्या पहिल्या पायरीवर. झाकण काढून म्हणाल्या, बघा. आत पांढरट, बुळबुळीत, दुप्पट फुगलेला गोळा. अख्खा गिळला असता तर तो पोटात जाऊन असाच फुगला असता. ते पातेलं त्यांनी पुढे कितीतरी दिवस तिथेच ठेवलं. दूधवाल्याला दाखवलं, शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवलं, मोलकरणीला दाखवलं. वास सुटला तेव्हा आमच्या ह्यांनी कुणाला न सांगता ते बाहेर नेऊन ओतलं.

पण बाई तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. शनिवारी त्या माझ्याबरोबर रिक्षाने दुकानात आल्या. टेप गळ्यात. दुकानात एकेक वस्तू उचलायची, नख लावायचं, गुडघ्यावर हाणायचं. मी काचेच्या दारामागे तोंड लपवून उभी. माझ्या ओळखीचं कोणी बघेल, हीच मला धास्ती. मालक म्हणाला, "काकू, हा माल बाहेरून येतो. सगळं टेस्टेड असतं."

"कुणाच्या गुडघ्यावर?" बाईंनी विचारलं.

बाईंनी जनावराचा एक वाळवलेला खूर त्याच्या हातात दिला. "मारा. तुमच्या गुडघ्यावर."

खरं सांगते, त्याने मारलं. बिचारा टायसकट खाली वाकला. बाई त्याला समजावून सांगत होत्या, जे आपल्या गुडघ्याला लागतं ते लहान कुत्र्याच्या दाढेला जास्त लागतं. दाढ उभी चिरते, आणि कुत्र्याला दात दुखतो हे सांगता येत नाही. सांगता येत असतं तर तुमचं दुकान कधीच बंद झालं असतं. मग त्यांनी सुतळीच्या रंगीत दोऱ्यांचं खेळणं उचललं. त्याचा एक धागा ओढून काढला आणि दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना दाखवला. "परकराची नाडी ओढली की कापड कसं गोळा होतं? हा धागा पोटात गेला की आतडं तसं गोळा होतं." एक बाई हातातलं खेळणं परत ठेवून निघून गेली. मालकाने आम्हाला चहा पाजला. मला वाटतं, घाबरून.

त्या दिवशी रिक्षातून घरी उतरताना बाई म्हणाल्या, "विकत मिळत नसेल तर आपण करू."

महाशिवरात्र तोंडावर होती, बाजारात रताळ्यांचे ढीग. बाईंनी पिशवीभर रताळी आणली, आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या गच्चीवर जे चाललं त्याला मी संशोधन म्हणते, आमचे हे तमाशा म्हणत. कच्ची चकती उन्हात वाळवली, तर ती कौलासारखी झाली. गुडघ्यावर नापास. पातळ कापली, तर पापड. मोडला की कडा टोकदार, नापास. पूर्ण उकडून वाळवली, तर भुगा. मी दोनदा म्हटलं, जाऊ द्या बाई, बांधून ठेवते त्याला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कावळे हाकलायला त्या छत्री उघडून गच्चीत बसायच्या आणि मी कचेरीत टाइप करताना कागदावर रताळं असा शब्द उमटतोय का म्हणून घाबरायचे. शेवटी अर्धवट वाफवून, जाड, लांब फाका करून वाळवल्या तेव्हा जमलं. चामट. वाकवली की वाकते, नख रुततं, गुडघ्याला लागत नाही, पाण्यात फुगत नाही, नुसती मऊ पडते. लांबी टेपने मोजलेली, त्याच्या नाकापासून कानापर्यंतच्या मापापेक्षा जास्त, म्हणजे अख्खी तोंडात जायला नको. शेवटची परीक्षा म्हणून बाईंनी एक फाक स्वतः चघळली. त्यांचे सगळे दात शेवटपर्यंत स्वतःचे होते, आणि त्याचा त्यांना फार गर्व.

टायगरने फाक दोन पंजांत धरली आणि संध्याकाळ होईपर्यंत सोडली नाही.

त्यातही एक नियम होता. खाऊ द्यायचा आणि आपण उठून जायचं नाही. चावणाऱ्याजवळ बसायचं. फाक अंगठ्याएवढी उरली की काढून घ्यायची. बाई टेबलापाशी शिवत बसायच्या, तो खाली चघळत बसायचा, आणि दर थोड्या वेळाने त्या वाकून बघायच्या. "पोटभाडेकरू, दाखवा." तो तोंड उघडायचा. मी हजारदा सांगूनही तो माझ्यासाठी कधी तोंड उघडत नसे.

अशी दोनतीन वर्षं गेली. टेबल साबूत, बिऱ्हाड साबूत.

मग तो उन्हाळा. बाईंच्या भावाचा पिंपळगावकडे द्राक्षाचा मळा होता. दर वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्याकडून बेदाण्यांचा डबा यायचा. हिरवे, टपोरे. त्या दिवशी मी कचेरीतून आले तर बाई खुशीत. म्हणाल्या, आज पोटभाडेकरूला घरचा मेवा दिला. मूठभर. नखाने दाबून बघितले, मऊ. देठ काढले, धुतले, एकेक करून भरवले. मीही कौतुकाने हसले. नाशिकचा माणूस पाहुण्याला आणखी काय देणार?

रात्रीपासून टायगर ओकायला लागला. सकाळी तो जिन्याच्या पायरीवर पडून होता आणि हाक मारली तर फक्त कान हलवत होता. शेपटी नाही. बाईंनी त्याला उचललं, शालीत गुंडाळलं आणि माझ्याआधी रिक्षात जाऊन बसल्या.

जनावरांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. काय खाल्लं, विचारलं. बाईंनी सगळं नीट सांगितलं, कधी, किती, कुठले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना बाधतात. अलीकडेच हे लक्षात येतंय. का बाधतात, ते अजून नीट कळलेलं नाही."

बाईंना त्यांचं म्हणणं कळायला वेळ लागला. द्राक्ष बाधतं? त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "मी नख लावून पाहिलं होतं हो."

तेवढंच. मला त्यांचा आवाज तसा कधी ऐकू आला नव्हता.

सलाईन सुरू झालं. रोज नेऊन आणायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लघवी होतेय ती होत राहिली पाहिजे आणि त्याने आपण होऊन तोंड हलवलं पाहिजे. तोंड हलवलं की अर्धी लढाई जिंकलो. बाईंनी शिवणवर्ग बंद केला. टेबलाखाली गोधडी घालून त्याला तिथेच ठेवलं, जिन्यावर चढ-उतर नको म्हणून. त्या जमिनीवर बसून असायच्या. मी म्हणायचे, बाई, थोडं पडा. त्या म्हणायच्या, चावणाऱ्याजवळ बसायचं. मी म्हटलं, पण तो चावत नाहीये. "म्हणूनच," त्या म्हणाल्या.

रताळ्याची फाक त्याच्या नाकाशी ठेवलेली असायची. तो तिच्याकडे बघायचाही नाही. बाई दर सकाळी जुनी उचलून ताजी ठेवायच्या.

याच दिवसांत त्यांनी भावाला फोन केला. पुढे काय झालं ते मला जिन्यातून ऐकू आलं. बेदाणे कुत्र्याला बाधले म्हटल्यावर भाऊ एवढा भडकला की फोनमधला त्याचा आवाज जिन्यापर्यंत आला. आख्खं नाशिक ज्यावर जगतं त्याला विष म्हणतेस? बाई म्हणाल्या, "माणसांनी खा ना. मीही खाते. कुत्र्याला देऊ नका, एवढंच सांगतेय, आणि तुझ्या मळ्यावरच्यालाही नाही." भाऊ काहीतरी बोलला. बाईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि टायगरपाशी मला बसवून गल्लीत निघाल्या. दाराला दार. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना सांगायचं, नाही त्यांनाही सांगायचं. लोक हसले. सगळ्यांच्या घरात द्राक्षाची पेटी आणि ह्या बाई टेप घालून सांगताहेत, कुत्र्याला देऊ नका. एकीने विचारलं, तुमचं ते नख काय म्हणालं मग?

"नखाला कळतं तेवढंच नखाला कळतं," बाई म्हणाल्या. "बाकीचं जाणत्याला विचारावं लागतं. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."

आणि पुढच्या दाराकडे गेल्या. माझ्यासारखी असती तर लाजेने आठ दिवस तोंड दाखवलं नसतं.

मग एक दुपार. सुट्टीचा दिवस होता, मी वर भांडी लावत होते. खालून हाक आली. "अहो वरच्या. खाली या. लगेच." असा आवाज, की माझ्या हातातली वाटी तशीच हातात राहिली. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. मनात एकच होतं. संपलं.

बाई जमिनीवर बसलेल्या. टेबलाखाली टायगर. मान वर केलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि टेबलाच्या पुढच्या उजव्या पायाला तोंड लावून तो हळूहळू, म्हाताऱ्यासारखा, चावत होता. सागवानाच्या कातीव कडेवर दोन बारीक खळगे पडले होते. ओले.

बाईंनी बोटाने खळग्यांवरून हात फिरवला.

"दातखूण," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"ठरलं होतं आपलं."

"हो बाई," मी म्हटलं. मी खरंच बिऱ्हाड बाहेर काढायचं म्हणत होते. त्या क्षणी ते मला अगदी चालणार होतं.

"मग उभ्या काय राहिलात? फाक द्या ती इकडे. पॉलिश जाईल त्याच्या पोटात." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. केस गेला म्हणाल्या डोळ्यात. कुत्र्याचा.

टायगर त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. त्याचे दात म्हातारपणी पडले, ते चिरून नव्हे, वयाने.

त्याच वर्षीच्या दिवाळीला बाईंनी टेबलाला पॉलिश करायला माणूस बोलावला. तो तीन पाय करून चौथ्याशी आला, खळगे बघितले आणि म्हणाला, "बाई, लांबी भरून खळगे बुजवून देतो. ओळखू येणार नाही."

"नको," बाई म्हणाल्या. "तेवढी जागा सोडा."

"वाईट दिसेल हो."

बाईंनी गळ्यातली टेप काढली, पायाला लावली आणि खळग्यांच्या वर-खाली खडूने दोन रेघा मारल्या. "इथून इथपर्यंत ब्रश लावायचा नाही. भाडेकरूंची जागा आहे ती."